एस्तेरबाईंची माफी

एस्तेरबाई रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसत आणि रोज एका ओळीशी गप्प होत.

हे मला कळलं ते भिंतीमुळे. डहाणू रोडला आम्ही भाड्यानं राहत होतो तो एका लांबलचक कौलारू घराचा अर्धा भाग होता. दुसऱ्या अर्ध्यात एस्तेरबाई आणि त्यांचे यजमान योहान मास्तर. मधली भिंत कुडाची, मातीनं लिंपलेली आणि आढ्यापर्यंत न पोचणारी. त्यांची फोडणी आमच्या घरात यायची आणि आमचं भांडण त्यांच्या घरात जायचं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे व्हायच्या थोडं आधीचा हा काळ. माझे यजमान मामलेदार कचेरीत कारकून, आणि मी लग्न होऊन वाईहून नुकतीच आलेली. दिवसभर करायला फारसं काही नाही, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते जाणून घ्यायची खोड मात्र जन्मजात. ख्रिस्ती माणसं तर मी तोवर जवळून पाहिलीच नव्हती.

दिवेलागणीला पलीकडून दोन आवाज एकदम सुरू होत. मास्तरांचा जाड आणि किंचित घसरणारा, बाईंचा बारीक आणि नेमका. शब्द रोज तेच. महिन्याभरात मला ते जवळजवळ पाठ झाले. आधी आकाशातल्या बापाला हाक, मग रोजची भाकर मागायची, आणि त्याच्या पुढच्या ओळीला बाईंचा आवाज बंद व्हायचा. तेवढं मास्तर एकटेच म्हणायचे. ओळ संपली की बाई पुन्हा त्यांच्या आवाजात मिसळायच्या. मला आधी वाटलं, खोकला येत असेल. मग वाटलं, त्यांच्यात बायकांनी ती ओळ म्हणायची नसेल. शेवटी राहवेना, तेव्हा एका दुपारी मी विचारलंच.

बाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी चाक थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“भिंतीला कान लावून बसतेस होय गं?”

“नाही हो बाई. आपोआप ऐकू येतं.”

“आपोआप!” त्या हसल्या. “मग त्या ओळीत काय म्हटलंय तेही आपोआप ऐकलं असशील.”

मी आठवून सांगितलं, “ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, असं काहीतरी.”

“व्हय. मी नाही केलेली. मग देवापाशी खोटं कसं बोलू?”

एवढं म्हणून त्यांनी पुन्हा चाक फिरवायला घेतलं.

त्या मूळच्या नगरकडच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि दुपारी घरी बायकांचा वर्ग घ्यायच्या. फिकट रंगाचं सुती पातळ, घट्ट अंबाडा आणि दंडावरच्या बाहीला टोचलेल्या दोन-तीन सुया, दोऱ्यासकट. देवळात म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये जातानाही त्या सुया तशाच. वर्गात मच्छी विकणाऱ्या घरांतल्या मुली यायच्या, रेल्वेतल्या लोकांच्या बायका यायच्या. गुजरातीत बोलणारीला बाई गुजरातीत ओरडत आणि मराठीत बोलणारीला मराठीत. “आधी उसवायला शिका, मग शिवायला,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाकडी टीप कुणी इस्त्रीखाली दडवू पाहिली की तो कपडा परत तिच्या मांडीवर यायचा. “उसवायची लाज वाटली ना, की झंपर जन्मभर काखेत टोचतं.”

रागीट होत्या, पण राग धरून बसणाऱ्या नव्हत्या. आमची घरमालकीण सुरुवातीला त्यांना विहिरीच्या दोराला हात लावू देत नसे. तिची मोलकरीण येईपर्यंत बाई घागर घेऊन उन्हात उभ्या राहत. पुढे मालकिणीच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं ते बाईंनीच. मी म्हटलं, “तुम्हाला तिचा राग नाही आला?”

“आला की. पण तो माझा होता. माझा मी टाकून दिला.”

हे वाक्य मला कळलं नाही. विहिरीवरचा अपमान टाकून देणारी ही बाई त्या एका ओळीशी कुणासाठी अडते, हे कोडं मला सुटेना. मग दुपारच्या चहाला मी रोज काहीतरी विचारायची आणि त्या कधी सांगायच्या, कधी “चहा पी” म्हणायच्या. असं करत करत सगळी गोष्ट माझ्या हाती आली.

डहाणू रोडला यायच्या आधी मास्तर तलासरीकडे, वेवजीच्या अलीकडच्या एका पाड्यावर शिकवत होते. शाळा म्हणजे एक पडवी, आणि तिला लागून खोली. त्या खोलीत हे दोघं राहत. गवत कापणीच्या दिवसांत कंत्राटदाराचा मुकादम यायचा आणि पोरांना शाळेतून उठवून गवत वाहायला न्यायचा. एका वर्षी मास्तर दारात उभे राहिले. म्हणाले, “दुपारनंतर न्या. आत्ता त्यांचा वाचनाचा तास आहे.” मुकादमानं काठी उचलली आणि कानशिलावर हाणली. मास्तर खाली पडले. बाई खोलीच्या उंबऱ्यात होत्या. हातात पीठ, भाकरी तव्यावर.

“खाली पडल्या पडल्या त्यांनी काय विचारलं, सांगू? ‘माझं काय चुकलं?’ असं विचारलं. तेही अहोजाहो करून.”

मास्तरांचा डावा कान गेला तो कायमचा. उजव्यात सतत गुणगुण सुरू झाली. फौजदार आला तेव्हा मास्तरांनी फिर्याद द्यायचं नाकारलं. “मी त्याला माफ केलंय,” म्हणाले. पुढे त्यांची बदली डहाणू रोडला झाली. मास्तरांच्या लेखी विषय तिथंच संपला.

“पण बाई, ज्यांना लागलं त्यांनीच माफ केलं, तर तुम्ही का धरून बसलात?”

बाईंनी दोरा दातानं तोडला. “प्रभूनं सांगितलंय, एका गालावर मारलं तर दुसरा पुढं कर. बरं. पण नवऱ्याचा गाल पुढं कर असं कुठं सांगितलंय? यांनी माफी देऊन टाकली. मला विचारलं का? गेलं काय ते यांना ठाऊकच नाही.”

“म्हणजे?”

“सूर गेला त्यांचा.”

तेव्हा मला कळलं, की मास्तर एके काळी फार सुरेख गायचे. नगरला त्यांच्या भजनाला दुसऱ्या गावांहून माणसं यायची. बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलंही नव्हतं, ऐकलं होतं. पडद्याआड बसून ऐकलं आणि तेवढ्यावर लग्नाला होकार दिला होता. कान गेल्यावर सूर हळूहळू सुटत गेला. मास्तरांना ते कळत नव्हतं, आणि सांगायची कुणाची छाती नव्हती. रविवारी चर्चमध्ये अजूनही गाणं मास्तरच उचलायचे.

“मग तुम्ही काय करता?”

“मी त्यांच्या चुकलेल्या सुरात माझा सूर मिळवते. चारचौघांत एकटे पडायला नकोत.” आणि मग अगदी हळू, “त्या माणसाला माहीत तरी आहे का, त्यानं काय मारलं ते?”

पुढच्या वर्षी वर्गात जमना नावाची मुलगी येऊ लागली. नवऱ्यानं टाकलेली, डहाणू गावात किनाऱ्यालगत बापाकडे राहायची. हात इतका सफाईदार, की बाई तिला ओरडायला निमित्त शोधायच्या. दोन महिन्यांत ती काजं करायला लागली आणि बाई म्हणाल्या, “ही स्वतःच्या पायावर उभी राहणार.” एका दुपारी वर्गातच तिला ताप भरला. कुणीतरी निरोप धाडला आणि तिचा बाप तिला न्यायला आला. उंच, वाकलेला म्हातारा, डोक्याला रुमाल. तो उंबऱ्याशी आला आणि थबकला. बाई उठून उभ्या राहिल्या. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मग त्यानं मान खाली घातली, पोरीला खांद्याशी धरलं आणि घेऊन गेला.

“धाकू मुकादम,” बाई म्हणाल्या. हातातल्या कापडाची त्यांनी नीट घडी घातली, उलगडली, परत घातली.

जमना बरी होऊन आली तेव्हा बाईंनी तिला दारातच सांगितलं, “तू दुसरीकडे शीक. माझ्याकडे जागा नाही.”

जागा होती, तिची बसायची चटई तशीच अंथरलेली दिसत होती. जमनानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाय, माझं काय चुकलं?”

बाई आत वळल्या. ती गेली. त्या दुपारी बाईंनी वर्ग लवकर सोडला. मला वाटलं, मुकादमाच्या मुलीला बाहेर काढून त्यांना जरा बरं वाटलं असेल. पण त्या येऊन माझ्या ओट्यावर बसल्या. तोंड पार उतरलेलं.

“ऐकलंस, काय म्हणाली ती?”

“हो.”

“तेच शब्द गं. मास्तरांचेच. फक्त या वेळी काठी माझ्या हातात होती.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.” कुठं ते विचारायची गरज नव्हती. मी चपला घातल्या. खरं सांगायचं तर त्यांना सोबत म्हणून नाही, पुढं काय होतं ते पाहायला मी गेले.

धाकू मुकादमाची मुकादमी केव्हाच सुटली होती. मूळचा मच्छीमार घरातला, तो परत किनाऱ्यावर आला होता आणि भावाच्या होडीची जाळी विणत बसायचा. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगेपलीकडे, झोपडीच्या सावलीत तो बसलेला दिसला. आम्हाला पाहून त्यानं जाळं बाजूला ठेवलं, पण उठला नाही.

“मला ओळखलं ना?” बाई म्हणाल्या.

“ओळखला बाय. मास्तराची बायको तू.”

“मी दारात उभी होते. सगळं पाहिलंय मी.”

“शेठनं सांगितलेला पोरांना आणायला. मी काय करू? शेठचा हुकूम.”

“काठी शेठच्या हातात नव्हती.”

त्यानं जाळं परत ओढून घेतलं. बाई तिथंच वाळूवर बसल्या, पातळ सावरून, एखाद्या घरच्या माणसासमोर बसावं तशा. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. मास्तर कसे गायचे, आता कसे गातात, उजव्या बाजूनंच कसं बोलावं लागतं, वर्गातली पोरं पाठीमागून चिडवतात ते त्यांना कसं कळत नाही. शिवणाच्या वर्गात मुलीला एकेक टाका दाखवतात, तसं. म्हातारा जाळ्याच्या दोऱ्याशी चाळा करत ऐकत होता.

शेवटी तो म्हणाला, “मास्तर गायचा ते मला ठाऊक नव्हता.”

“म्हणूनच सांगायला आले.”

“मास्तरनी फौजदाराला माझा नाव नाय दिला.” तो आता बाईंकडे पाहत नव्हता, समुद्राकडे पाहत होता. “सगली बोलली, धाकू सुटला. मी कसला सुटला? मला वाटायचा, आज बोलवतील, उद्या बोलवतील. मंग वाटायला लागला, मास्तरच्या लेखी मी मानूसच नाय. कुत्रा चावला तर कोन फिर्याद करतो? रस्त्यात भेटला तर हसून हात जोडतो तो. मी गल्ली बदलतो बाय.”

हे बाईंनाही नवीन होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. मास्तरांची माफी या माणसापर्यंत पोचलीच नव्हती. पोचली होती ती दुसरंच काहीतरी होऊन.

बाई उठल्या, वाळू झटकली. “मी तुम्हाला माफ केलंय असं म्हणत नाही. अजून जमलेलं नाही. पण सोमवारपासून पोरीला पाठवा. तिच्याशी मी चुकीचं वागले, ते मी तिला सांगेन. आणि तुम्हाला मास्तरांना काही सांगायचं असेल तर घर माहीत आहे तुम्हाला.”

परतीच्या वाटेवर मी विचारलं, “माफ केलं नाही म्हणता, मग पोरीला का बोलावलंत?”

“माफी पोटातून यायची तेव्हा येईल. हात-पाय तर माझ्या ताब्यात आहेत ना!”

सोमवारी जमना आली. सगळ्या मुलींच्या देखत बाई तिला म्हणाल्या, “जमना, परवा मी खोटं बोलले. जागा होती. तुझं काही चुकलं नव्हतं.” आणि पुढच्याच मिनिटाला तिच्या काजावरून तिला ओरडल्या.

मुकादम मात्र लवकर आला नाही. बरेच आठवडे गेले. मग एका रविवारी, मास्तर चर्चमधून येऊन ओट्यावर सुपारी कातरत बसले होते, तेव्हा तो आला. रुमाल काढून हातात धरला होता. मास्तरांनी मान वर केली नाही, कारण तो डाव्या बाजूला येऊन उभा राहिला होता. त्यानं तिथूनच, बहुधा वाटेत घोकून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. चूक झाली, पोटासाठी केली, पण चूकच. मास्तर शांतपणे सुपारी कातरत होते. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं असणार, हे आपल्याला उत्तरही देत नाहीत.

बाई दारातून पाहत होत्या. मी आमच्या दारातून. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तिकडून नाही. इकडून या. त्या कानाला नाही ऐकू येत.”

कुठल्या कानाला आणि का, ते त्यानं ओळखलं. तो वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि पायरीवर टेकला. आता पुन्हा सांगायचं होतं, आणि घोकलेले शब्द तर संपले होते. त्यानं हातातला रुमाल पायरीवर ठेवला. मग एवढंच म्हणाला, “मास्तर, मी मारला तुला.”

“अहो धाकूभाऊ, ते तर मी केव्हाच...” मास्तर घाईघाईनं म्हणू लागले.

“तुम्ही जरा गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “त्यांना बोलू द्या.”

मास्तर गप्प बसले. धाकू मुकादम बोलला. काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी जवळ सरकून ऐकायचा प्रयत्न केला नाही. मास्तरांच्या हातातला अडकित्ता मध्येच थांबला, तेवढं दिसलं. एक कान गमावून इतकी वर्षं झाल्यावर मास्तर त्या दिवशी रडले.

संध्याकाळी मात्र मी कान टवकारून बसले. आज बाई ती ओळ म्हणणार याबद्दल मला शंका नव्हती. भाकरीची ओळ झाली, आणि बाई गप्प! मी चक्क हिरमुसले. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर म्हणाल्या, “वाट पाहत होतीस ना? तो बोलला, ते त्याचं झालं. माझं व्हायचंय.” मग कित्येक महिने गेले. मीही लक्ष द्यायचं सोडलं. एकदा मेथी निवडता निवडता ध्यानात आलं, की पलीकडे प्रार्थना संपली आणि मध्ये आवाज थांबलाच नाही. कालही थांबला नसावा. केव्हापासून, कोण जाणे. मी बाईंना विचारलं तर त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “म्हटली मी? अगंबाई!”

पुढे राज्यं वेगळी झाली, आमची बदली ठाण्याला झाली. जमनानं स्टेशनजवळ शिवणाचं मशीन टाकल्याचं कुणाकडून तरी कळलं. वर्षा-दोन वर्षांनी कुणी डहाणूचं भेटलं की मी आधी एस्तेरबाईंची चौकशी करायची. साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मास्तर गेल्याचं कळलं, आणि मी भेटायला गेले.

बाई खूप वाळल्या होत्या. मशीनवर कापड झाकून ठेवलेलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझी खोड काही गेली नव्हती, शेवटी मी विचारलंच, “बाई, मुकादमाचा राग अगदी गेला का हो?”

“गेला होता. मला वाटलं, गेला.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मास्तरांना पुरून आम्ही परत आलो. माणसं अंगणात बसलेली. धाकू पण होता, खांदा दिला होता त्यानं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि सुधा, तुला सांगते, राग असा उसळून आला, की जणू काठी आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत पडलीय. शेवटच्या दुखण्यात मास्तरांना गाणं म्हणायचं होतं गं, आणि त्यांना स्वतःलाच कळलं, की सूर लागत नाही. इतकी वर्षं मी झाकून ठेवलं होतं. शेवटी कळलंच.”

त्यांनी मशीनवरचं कापड सारखं केलं.

“प्रभूला शिष्यानं विचारलं होतं, भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा का? प्रभू म्हणाला, सात नाही, साताच्या सत्तर पट. मला वाटायचं, एवढे अपराध कोण करतो? आता कळतंय. अपराध एकच असतो. तो एकच पुन्हा पुन्हा माफ करावा लागतो.”

“मग त्या दिवशी तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? पहिल्यापासून सुरुवात. उठले, त्याच्याजवळ गेले. तोंडातून शब्द निघेना. मग म्हटलं, जेवल्याशिवाय जायचं नाही.”

“जेवले ते?”

“जेवला की!” बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या हसल्या. “दोनदा भात वाढून घेतला मेल्यानं.”